इलूची उलटी गिरकी

एक होता अणू. एवढुस्सा! तुझ्या पापणीवर बसला तरी कळायचं नाही.

अणूत राहायची इलू, एक इवलीशी इलेक्ट्रॉन. सारखी उजवीकडे फिरायची. गर्र गर्र गर्र!

एकदा उन्हाची तिरीप आली नि इलूच्या अंगात शिरली. धप्प! इलू उडाली ती घराबाहेर.

"अगं बाई! आता माझं घर?"

अणूच्या मधोमध बसला होता गोळोबा. इलूने बाहेरूनच त्याला हाक मारली. गर्र गर्र गर्र!

"गोळोबा, गोळोबा, मला आत ओढ ना!"

"ओढतो की! पण आधी मजलेदादाला घेऊ दे."

मजलेदादा म्हणजे अणूचा वरचा मजला. इलू गेली त्याच्याकडे. गर्र गर्र गर्र!

"गोळोबा ओढेना, इलूला घर मिळेना. मजलेदादा, मला घे ना!"

"खालचा मजला गच्च भरलाय. माझ्याकडे ये. पण आधी डमरूताईला उघडू दे."

डमरूताई म्हणजे त्या मजल्यावरची खोली. डमरूसारखी! इलू गेली तिच्याकडे. गर्र गर्र गर्र!

"मजलेदादा घेईना, गोळोबा ओढेना, इलूला घर मिळेना. डमरूताई, दार उघड ना!"

"उघडते गं! पण आत तुझ्यासारखीच एक भिंगरी आहे. आधी तिला सरकू दे."

इलूने फटीतून हाक मारली.

"डमरूताई उघडेना, मजलेदादा घेईना, गोळोबा ओढेना, इलूला घर मिळेना. भिंगरी, जरा सरक ना!"

भिंगरी खुदकन हसली. "मी पण उजवीकडे, तू पण उजवीकडे? एका खोलीत दोघी सारख्या? मग तू कोण नि मी कोण? आधी तुझी गिरकी उलटू दे."

इलूने शेजारच्या खोल्यांत डोकावलं. उभ्या डमरूत एक. आडव्या डमरूत एक. सगळ्या उजवीकडेच!

इलू रडवेली झाली.

"भिंगरी सरकेना, डमरूताई उघडेना, मजलेदादा घेईना, गोळोबा ओढेना, इलूला घर मिळेना. गिरकी, गिरकी, उलट ना!"

बोलणार कोण? गिरकी तर इलूचीच!

"अय्या, माझीच की!"

इलू थांबली. डोळे मिटले. डावीकडे वळली. गर्र... धपकन पडली! उठली. पुन्हा वळली.

गर्र गर्र गर्र! डावीकडे!

गिरकी उलटली,
भिंगरी सरकली,
डमरूताई उघडली,
मजलेदादाने घेतलं,
गोळोबाने ओढलं. खेच्च!

इलू घरात! लख्ख उजेड पडला. तिच्या अंगातली उन्हाची तिरीप पळाली बाहेर.

भिंगरी उजवीकडे, इलू डावीकडे. गर्र गर्र गर्र!

इलू ओरडली, "मजला एकच, खोली एकच, गिरकी मात्र माझी!"