जुना माग

वारुळं बोलायची आणि मुंग्या मागतील तेवढी जागा द्यायची, त्या काळची ही गोष्ट. खोल्या मिळायच्या एकाला एक लागून. पहिल्या दारापर्यंत मुंग्या आपल्या वासाचा माग ओढायच्या, की बाकीच्या खोल्या ओळीनं सापडायच्या.

एका सुगीला दाणे मावेनात. वारूळ म्हणालं, "इथं शेजारी जागा नाही. पलीकडची मोठी ओळ घ्या, ही मला परत करा." एकच धांदल उडाली. टिपरी मुंगी दाणे वाहून मेटाकुटीला आली, आणि म्हातारी गोदाक्का मात्र जुन्या वाटेवर माती घासत बसलेली.

"आक्का, सगळ्या राबतायत, आणि तुम्ही रिकामी माती काय घासताय?" टिपरी फणकारली.

"जुना माग पुसतेय गं," म्हणत गोदाक्का घासतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दाणा घेऊन परतताना टिपरीचे पाय सवयीनं जुन्याच वाटेला वळले. पण पुढे वासच येईना. ती थबकली. समोर, तिच्याच जुन्या दारातून, मुंग्या खाणारी एक गोम मिशा हलवत डोकावत होती. वारुळानं ती खोली आता त्या गोमीला दिली होती.

टिपरी धावत नव्या घरी आली. दाणा कोठारात न टाकता तिनं तो गोदाक्काच्या पुढ्यात ठेवला.

पुढं पुन्हा घर बदललं, तेव्हा गोदाक्का नव्हती. जुन्या वाटेवर टिपरी बसली होती.

"मावशी, रिकामी माती काय घासताय?" एक तरणी मुंगी खेकसली.

टिपरी रागावली नाही. गोदाक्का तरी कुठं रागावली होती?