कोरडी माती

गडाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध वस्ताद तालीम चालवत असत. गडावरच्या फौजेत जे तरुण भरती होत, ते याच तालमीतून जात. वस्तादांचा शब्द फौजेचा सरदार मोडत नसे, आणि वस्तादही तो उगाच खर्च करत नसत. स्वभावाने ते शांत. पण अलीकडे एका बाबतीत विलक्षण हट्टी झाले होते. आखाड्यातली माती कोरडी दिसलेली त्यांना खपत नसे. रोज सकाळी ज्याची पाळी असेल त्याने माती खणायची, ताक-पाणी शिंपडून ती चांगली ओलसर करायची, मगच कोणी आत उतरायचं.

अशा गोष्टींतल्या माणसांना सहसा नावं नसतात. पण इथे दोन तरुण आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये, म्हणून एकाला सिदोजी म्हणू, दुसऱ्याला हैबती. दोघे एकाच आळीत वाढलेले. त्या वर्षी फौजेत जागा एकच होती, आणि ती हैबतीला मिळणार हे सगळी तालीम धरून चालली होती.

सिदोजीला हैबतीचा हेवा वाटे. खरं तर हा शब्द फार सौम्य झाला. त्याचा जळफळाट होई. हैबती गड चढून आला आणि वस्तादांनी नुसती मान डोलावली, तरी सिदोजीला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. ताकदीत तो कमी नव्हता, कष्टात तर कांकणभर सरसच होता. आणि कष्टाळू माणसाला हेवा वाटला की तो त्याला अन्याय म्हणू लागतो, हे आपण पाहतोच. त्यात सिदोजीजवळ एक गुपित होतं. लहानपणी हैबतीला दमा होता. त्याची आई त्याला उंबऱ्यात पुढे वाकवून बसवायची, पाठ चोळायची, आणि त्याच्या छातीतली शिट्टी शेजारच्या घरात ऐकू यायची. शेजारचं घर सिदोजीचं होतं.

एके दिवशी तो वस्तादांपुढे जाऊन बसला.

"वस्ताद, हैबतीला दमा हाय. ल्हानपणापासनं. लपवून ठेवलंय त्यानं. उद्या मोहिमेवर मधीच बसला, तर संगतीच्यांचा जीव जाईल. म्हणून सांगतो, माझं दुसरं काय न्हाई."

वस्ताद दंडावरचं तेल जिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. आजपासनं तू त्याचा जोडीदार. जोर त्याच्यासंगं, धावणं त्याच्यासंगं, जेवण बी त्याच्यासंगं. त्याचा श्वास ऐकत ऱ्हा. बिघडला की मला येऊन सांग. तवर कुणाफुडं बोलायचं न्हाई."

सिदोजीला हे अजब वाटलं. लपवलं एकाने आणि राखणीला बसवलं दुसऱ्याला! मात्र श्वास बिघडला की हैबतीचं नाव मागे पडणार, एवढं त्याने ताडलं, आणि तो मन लावून ऐकू लागला. चढावर हैबतीचा श्वास कुठे अडखळतो, थंडीत कसा आखूड होतो, हे त्याला हैबतीपेक्षा नीट कळू लागलं. एखादी आईच आजारी लेकराचा श्वास इतका ऐकत असेल; सिदोजी फक्त उलट गोष्टीची वाट पाहत होता. हैबती बिचारा खूश होता. "वाटलं न्हवतं सिदू, एवढा जीव लावशील," म्हणत तो रोज गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवायचा. सिदोजी गूळ खायचा आणि आतून आणखी जळायचा.

शिट्टी काही वाजेना. निवड करायला सरदाराचा माणूस येण्याचा दिवस तोंडावर आला, आणि माती खणायची पाळी सिदोजीवर आली. वस्ताद त्या सकाळी गडावर गेले होते. सिदोजीने माती खोल खणली. ताकाचं मडकं मात्र कोपऱ्यात झाकलेलंच राहू दिलं.

दोघे आत उतरले. पहिल्याच झटापटीत धुळीचा लोट उठला. सिदोजीने हैबतीला खाली घेतलं, उठू दिलं, पुन्हा खाली घेतलं. मग ती लहानपणची शिट्टी वाजली.

पहिल्या क्षणी सिदोजीला आनंद झाला. ते लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या क्षणी हैबतीने त्याचा दंड घट्ट धरला. तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण जोडीदार काहीतरी करील, असा भरवसा त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. सिदोजीने पकड सोडली. त्याने हैबतीला उचलून मोकळ्यावर नेलं, त्याची आई बसवायची तसं पुढे वाकवून बसवलं, पाठ चोळली, घोट घोट कोमट पाणी पाजलं. ऊन वर आल्यावर कुठे शिट्टी थांबली.

वस्ताद परतले तेव्हा सिदोजी दारातच उभा होता.

"वस्ताद, त्याचा श्वास बिघडला. माती मी कोरडी ठेवली हुती. जाणून."

मागे भिंतीला टेकून बसलेला हैबती उठून पुढे आला. मग वस्तादांना म्हणाला, "म्या बी तुमच्यापास्नं लपवलं."

वस्ताद दोघांमध्ये बसले. "हैबती आला त्या दिवशीच त्याची छाती बघून मी वळखलं हुतं. माती एवढी भिजवायचा हट्ट कुणासाठी धरला? हा आपल्या तोंडानं कधी सांगतो म्हणून थांबलो, ती माझी चूक. आन सिदू, तू त्या दिवशी खरंच बोलला हुतास. पर तवा तुला तो पडायला हवा हुता. आज बी तीच गोष्ट सांगतोयस, आन आज तुला तो जगायला हवाय. हा बदल व्हावा म्हणून तुला ऐकायला बसवला."

सरदाराच्या माणसापुढे वस्तादांनी काहीच झाकलं नाही. फौजेच्या वैद्याने हैबतीला तपासलं आणि घोडदळाच्या धुळीत हा गडी टिकणार नाही, असं सांगितलं. जागा सिदोजीला मिळाली. त्याने ती नको म्हणून हात जोडले.

"जा," वस्ताद म्हणाले. "म्होरल्याची पाठ सगळेच बघत्यात. शेजारच्याचा श्वास ऐकणारा फौजेला लागतो. ते तू हितं शिकलास."

निघायच्या सकाळी पाळी दुसऱ्याची असूनही सिदोजीने स्वतः माती भिजवली. हैबती वेशीपर्यंत सोबत आला. सिदोजीच्या पाठीवरची नवी ढाल त्याने एकदा बोटांनी चाचपली.

"तुझा लई हेवा वाटतो सिदू. पोटात दुखतंय बघ."

सिदोजी थांबला. इतके दिवस जे त्याला एकदाही बोलता आलं नव्हतं, ते हैबती उभ्या उभ्या बोलून गेला होता.

"मला बी वाटायचा. तुझा."

"मग तवाच बोलायचंस की," हैबती म्हणाला, आणि गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला.

आपल्याला ज्याचा हेवा वाटतो त्याला ते एकदा सांगून पाहावं. बहुधा तो आपल्या ओळखीचाच असतो.