द्वारकाबाईंचं ‘अं हं, परत’

एक होत्या द्वारकाबाई. राणी नव्हे हं, गाण्याच्या बाई. राजाच हवा असेल तर तोही लहानपणी त्यांच्याच वर्गात बसायचा. तिसऱ्या रांगेत. आणि बेसूर गायचा.

आता या बाईंनी गावाला काय शिकवलं, तर एकच गाणं. सकाळचं. ‘ऊठ रे सूर्या, उघड दार, आळशी आमचा गाव फार.’ दोन ओळींचं गाणं, पण चाळीस वर्षं पुरलं. कारण ‘दार’वर सूर वर चढवायचा आणि नेमका तिथेच सगळा वर्ग घसरायचा. मग बाई पेटी थांबवायच्या आणि म्हणायच्या, “अं हं. परत.”

आधी आया शिकल्या, मग त्यांची मुलं. आणि मुलांना वाटलं, हे गाण्यातलंच आहे. ती कशी गायची ऐका. ‘ऊठ रे सूर्या, उघड दार, अं हं परत, आळशी आमचा गाव फार.’ तेही चालीत, बरं का. बाईंनी कपाळाला हात लावला.

“अरे, ते गाण्यात नाही रे.”

“मग तुम्ही रोज कशाला म्हणता, बाई?”



बाईंची एक नात होती, कुंदा. आजीनेच वाढवलेली. आजी तिची वेणीसुद्धा तालात घालायची आणि समेवर केस असे ओढायची की कुंदा किंचाळायची. मग आजी म्हणायची, “हा सूर लागला बघ.” एवढं सगळं सोसूनही कुंदाला ते ‘दार’ काही जमलं नाही. तू हसू नकोस, तुला तरी कुठे जमतंय?

मग आजी खूप म्हातारी झाली आणि एक दिवस देवाघरी गेली. वर्ग आला कुंदाच्या गळ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं गायला बसली. ‘अं हं परत’ म्हणाली मात्र, दारात आजी उभी. चपला हातात, धाप लागलेली.

“कोणी बोलावलं? एक पाय देवाच्या उंबऱ्यात होता माझा.”

जन्मभर दुसऱ्यांना ‘परत’ म्हटलेलं ना, मग तिला कोणी म्हटलं की यावंच लागायचं. कुंदाने तिला घट्ट मिठी मारली. आजीने पेटीवरची धूळ पुसली, सगळ्यांना रागावून घेतलं आणि संध्याकाळी निघाली.

मग पुढच्या दिवशी तेच. मुलं गायली, आजी आली. “अगं, आत्ता कुठे ताट वाढलं होतं,” आजी वैतागली. पण आज तिची सावली पडत नव्हती. कुंदाने ते पाहिलं. ती कशाने येते, हेही तिला आता कळलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी तिने मुलांना थांबवलं नाही. तुम्ही थांबवलं असतंत का?

तिसऱ्या दिवशी आजी आली, आणि मागोमाग देवाचा दारवान. घाम पुसत.

“अहो, ते दार जड असतं हो. दिवसातून किती वेळा उघडू मी?”

कुंदाने आजीकडे पाहिलं. तिच्यातून आरपार पलीकडची पेटी दिसत होती.

दारवान हळू आवाजात म्हणाला, “ये-जा करून विरत चालल्यात त्या. आणखी एकदा बोलावलंत तर ना तिथे उरतील, ना इथे. ते गाणं एकदा, एकदाच, मध्ये न थांबता म्हणा. म्हणजे मोकळ्या होतील.”

“आणि मग येणार नाही ती?”

“नाही.”

कुंदाने पेटी पुढ्यात ओढली. मग मुलांना म्हणाली, “‘परत’ म्हणायचं नाही.”

“मग तिथे काय म्हणायचं, कुंदाताई?”

“काही नाही.”

“‘काही नाही’ चालीत बसत नाही.”

आता मात्र कुंदा टेकीला आली. “सगळ्यांनी तोंडावर हात ठेवा,” म्हणाली. आणि एकटीच गायला बसली.

‘ऊठ रे सूर्या’ बरं गेलं. ‘उघड’ही गेलं. मग ‘दार’ आलं, आणि शेवाळावरून पाय घसरावा तसा सूर घसरला.

आजीचं तोंड उघडलं. चाळीस वर्षांची सवय ती. ती नुसतं ‘अं’ म्हणाली असती तरी सगळं फुकट. तिने पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. कुंदा तिच्याकडे बघत होती. रडत होती आणि गात होती. दुसरी ओळ आली, गाणं संपलं.

आजीने पदर काढला. “छान गायलीस हो,” म्हणाली. जन्मात एवढं एकच खोटं बोलली ती.

मग निघाली. जाता जाता दारवानाला सांगत होती, “तुमच्या त्या दाराची कडी बेसूर वाजते, बघायला हवी.” तो बिचारा हो हो म्हणत चालला होता.

मग आजी तिकडे सुखात राहिली आणि कुंदा, मुलं, तो राजा, सगळे इकडे सुखात राहिले. चला, मिटा आता डोळे. पाय पांघरुणात घे. आणि ती उशी त्याची आहे, त्याला दे.