मंजाबाने जपलेली जाळी

एका गावात एक भोळा मंजाबा होता. यसूआत्याकडे राहायचा. आत्या सांगेल ते करायचा, आणि अगदी सांगेल तसंच करायचा. आत्या त्यानेच टेकीला आली होती.

आत्याची एकच गाय, चांदी. मंजाबाचा तिच्यावर भारी जीव. कार्तिकात आत्या म्हणाली, “औंदा चारा पावसापोतर पुरला न्हाई, तर चांदी इकावी लागंल.” त्या रात्री मंजाबा गोठ्यात चांदीजवळच झोपला.

गवताचे गोल गठ्ठे बांधणारं यंत्र भाड्याने ठरलं. गठ्ठ्यांना गुंडाळायच्या प्लास्टिकच्या जाळीचा रोल मंजाबाने वर्षभर पत्र्यावर ठेवला होता. यंत्राला लावून पाहिला, तर तटातट तुटला.

“मेल्या, ऊन बाधतं तिला! अंधारात झाकून ठिवायची.”

“बरं, आत्या.”

मग गवत कापलं. ओलंच होतं. मंजाबाने त्यातलं निम्मं अंधाऱ्या खोलीत कोंबलं, वर गोधड्या टाकल्या. चार दिवसांत त्याला बुरशी आली.

“मेल्या, उन्हात पसरायचं! उलटंपालटं करायचं!”

“बरं, आत्या.”

नवा रोल आला. मंजाबाने तो उलगडून वेशीपर्यंत उन्हात पसरला आणि दिवसभर उलटापालटा केला. त्यात सात शेळ्या आणि सरपंच अडकले.

“मेल्या, जाळी गवताला गुंडाळायची! आन् गठ्ठ्यावरनं काढायची न्हाई.”

“बरं, आत्या.”

उरलेल्या गवताचे माळावर चाळीस गठ्ठे झाले. मंजाबाने एक जाळीसकट चांदीपुढे ढकलला. आत्याने धावत येऊन तिच्या तोंडातून हातभर जाळी ओढून काढली.

“पोटात गेली तर मरंल ना ती! चाऱ्याची जाळी आधी सोडायची. एक धागा ऱ्हाता कामा न्हाई.”

मंजाबा रडतच म्हणाला, “बरं, आत्या.”

फाल्गुनात आत्या लेकीकडे गेली. मंजाबाने विचार केला, चारा तर सगळा चांदीचाच. मग एकाही गठ्ठ्याला जाळी ठेवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. त्याने झाडून सगळे गठ्ठे सोडले. दुसऱ्या दिवशी वारं सुटलं आणि गवत गावभर झालं.

आत्या परतली, तर माळावर काडी नाही. मंजाबाने हसत अंधारी खोली उघडली. आत सगळ्या जाळ्या, घड्या घालून, गोधड्यांखाली झाकलेल्या.

“बघ, ऊन लागू दिलं न्हाई.”

“आन् चारा?”

“गावाच्या गुरांनी खाल्ला.” गोठ्यात चांदी उपाशी हंबरत होती. मंजाबाने छाती फुगवली. “पण आत्या, एकाच्याबी पोटात धागा जाऊ दिला न्हाई!”