चिखलात दिलेला शब्द

वेळ पहाटेची. ठिकाण, जंगलातल्या तळ्याचा काठ. पाणी प्यायला आलेली एक गाभण हरिणी छातीपर्यंत चिखलात रुतली होती. तेवढ्यात तिथे एक लांडगा आला. "काढतो बाहेर," तो निवांत बसत म्हणाला, "पण होणारं पाडस माझं. कबूल?" चिखल गळ्याला लागला, तशी हरिणी म्हणाली, "कबूल." मग लांडग्याने एक वाळकी फांदी तिच्या पायांखाली सरकवली आणि हरिणी बाहेर आली.

पाडस जन्मले. ते धड उभे राहते न राहते तोच लांडगा हजर! "शब्द म्हणजे शब्द," तो गुरगुरला. शेजारीही म्हणू लागले, "दिलाय ना? मग पाळायला नको?" हरिणी स्वभावाने सरळ. आपणच लबाड ठरू, या धास्तीने ती पाडसाला घेऊन गव्याकडे गेली. जंगलातले तंटे तोच सोडवत असे. लांडगा आणि शेजारीही मागोमाग गेले.

त्या जंगलात करार करायची एक रीत होती. दोघांनी मोकळ्या माळावर, चारी पाय सुटे ठेवून उभे राहायचे. पळता येत असूनही जो थांबेल, त्याचाच शब्द खरा.

"अहो गवेदादा, हिचा एक तरी पाय सुटा होता का तेव्हा?" तळ्याकाठची टिटवी कडाडली. "मी तिथंच अंड्यांवर बसले होते!"

"टिटवे, तुला कुणी विचारलं?" लांडगा खेकसला.

"कुणी विचारत नाही, म्हणूनच बोलतेय!"

गव्याने लांडग्याला विचारले, "ती नाही म्हणाली असती तर?"

"तर बुडाली असती."

"मग तो करार नव्हे, ती धमकी झाली. आणि माळावर उभं राहून केला असता, तरी हा करार रद्दच. पाडसाचा जीव द्यायला तो हिच्या मालकीचा नाही."

हरिणीचे डोळे भरून आले. "लांडगेदादा, तुमच्यामुळे मी वाचले, हे विसरणार नाही. वणवा दिसला की पहिली हाक तुम्हाला देईन," ती म्हणाली. मग टिटवीकडे वळली. "आणि बाई, तुझे उपकार कसे फेडू?" तेव्हापासून गुरांचा कळप तळ्यावर आला, की टिटवीच्या अंड्यांपुढे हरिणी आडवी उभी राहते.

गव्याने मात्र आणखी एक प्रश्न विचारला होता. "गेल्या साली एका सांबरीलाही तूच चिखलातून काढलंस. तिचं पाडस कुठं आहे?" लांडग्याने तोंड फिरवले. शेजाऱ्यांनी माना खाली घातल्या. उत्तर अजून कुणीच दिलेले नाही.

तात्पर्य : अडलेल्याकडून वदवून घेतलेला, दुसऱ्याच्या जिवावर उठणारा शब्द कुणालाही बांधत नाही; उपकार जरूर फेडावेत, पण जे आपले आहे त्यातूनच.