गच्चीवरची गोधडी

यंत्रं माणसांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. बर्फाळ डोंगरातल्या वेणूकाकूंनी गच्चीवर हीट पंप बसवून घेतला. बाहेरच्या गार हवेत उरलीसुरली ऊब असते, ती ओढून तो घरात सोडायचा. दिवसभर बिचारा घरघरायचा. काकूंना दया आली. त्यांनी त्याला जाड गोधडीत गुंडाळलं.

संध्याकाळपर्यंत घर गारठलं. काकू तणतणत वर आल्या. "एवढं पांघरूण घातलं, तरी कामचुकारपणा?"

"हवेतूनच ऊब काढतो मी," पंप दमून म्हणाला. "तुम्ही माझं नाकच बांधलंत."

काकूंनी ओशाळून गोधडी सोडली. "पण थंडी वाजेल ना रे तुला?"

"वाजतेच. गोधडी नको, काकू. अंगावर साचलेला बर्फ तेवढा रोज झाडत जा."