रंगाऱ्यांच्या गल्लीतली दोरी

पूर्वी वाराणसीत एक हौशी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्यांच्या गल्लीत जन्मला आणि पुढे तिथला ज्येष्ठ झाला. त्या गल्लीची एक रीत होती. रंगवलेलं कापड सगळ्यांनी एकाच दोरीवर वाळत घालायचं. साधलेलं आणि बिघडलेलंही. शेजारी बघत, नावं ठेवत आणि बोलता बोलता दुरुस्तीही सांगत. अशी गल्ली दुसरीकडे नव्हती, उगाच नाही सांगत.

तिथल्या सोणक रंगाऱ्याला मंजिष्ठेच्या मुळांचा असा लाल साधला की धुतला तरी उतरेना. राजाने उत्सवाच्या मांडवाचं कापडी छत त्यालाच रंगवायला सांगितलं. झालं, स्वारी शेफारली! कुणी युक्ती चोरेल म्हणून तो टेकडीपलीकडे राहायला गेला, भोवती भिंत घातली आणि तिथल्या विहिरीच्या पाण्यात रंग केला. कापड काळपट निघालं. पुन्हा केला, पुन्हा तेच. छत झालं नाही तर राजा नगरातून हाकलणार. विचारायचं कुणाला? भिंतीला?

राजाचा माणूस ते पाहून बोधिसत्त्वाकडे आला. "ज्येष्ठ, छत तुम्हीच रंगवा. मान तुमचा."

"सोणक आहे की," म्हणत बोधिसत्त्व उठला आणि थेट टेकडीपलीकडे गेला.

"कापड दोरीवर घाल, बाबा."

"हसतील हो, काका."

"हसतीलच. मीही हसणार आहे. चल."

हसलेच सगळे. "आले लालमहाराज!" कुणीतरी ओरडलं. पण काळा रंग करणारी उत्पला कापड चुरगाळून बघत म्हणाली, "मेल्या, आधी हिरड्यात भिजवलंस ना? मग हा माझाच काळा, अर्ध्यावर सोडलेला! मी हिरड्यावर लोखंडाचं पाणी देते. तुझ्या विहिरीतच लोह आहे. गंगेचं पाणी घे."

त्याने घेतलं आणि लाल पेटला. उत्पलेची नजर मात्र बिघडलेल्या कापडावरच. "यावर मंजिष्ठा वाढवली तर रे?" दोघांनी वाढवली. पिकल्या जांभळाचा रंग आला. तोवर कुणी पाहिलाच नव्हता. राजाने छताला झालर त्याच कापडाची लावली.

"कृती कुणाची?" राजाने विचारलं.

"चूक माझी, नजर उत्पलेची," सोणक म्हणाला. "आणि कृती हवी तर गल्लीत कुणालाही विचारा, महाराज. सगळ्यांना सांगूनच आलोय."

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा सोणक म्हणजे आज आपली विद्या दडवून बसलेला तुमच्यातला हा भिक्षू. उत्पला म्हणजे त्याला आजारात औषध देणारी उपासिका. ज्येष्ठ मीच होतो." दुसऱ्याला साधलेलं पाहून मन सुखावतं, ती मुदिता; मान सोडून सोणकाकडे गेलेल्या ज्येष्ठाची.